रस्त्यावर झोपणाऱ्यांचे रक्षण कोणी करायचे?

वसई रोड, नालासोपारा, विरार. रात्रीच्या शेवटच्या लोकल येऊन गेल्या, रिक्षांची रांग मोडली, वडापावच्या गाड्यांवर ताडपत्री पडली की या स्थानकांबाहेर दुसरीच एक वस्ती अंथरूण पसरते. पुठ्ठा, गोणपाट, जुन्या बॅनरचा तुकडा हे तिचे अंथरूण. पादचारी पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, उड्डाणपुलाच्या खांबांना टेकून माणसे झोपतात. सकाळी नाक्यावर उभा राहून मजुरी मिळवणारा त्यात असतो, हॉटेलात भांडी घासणारा असतो, भंगार गोळा करणारी बाई आणि तिची पोरे असतात. मुलाने घराबाहेर काढलेले म्हातारे असतात. स्वतःशी बोलत फिरणारा, केसांच्या जटा झालेला एखादा असतो. यांपैकी बरेच जण कमावते आहेत, फक्त त्यांच्या कमाईत खोलीचे डिपॉझिट बसत नाही. पण आपण सगळ्यांना एकच शब्द लावून मोकळे होतो, भिकारी.

या लोकांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल? वसईची थंडी फारशी नसते. पावसाचा त्रास मोठा आहे. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, तेव्हा पक्क्या इमारतीत राहणाऱ्यांचेच काय हाल झाले ते आपण विसरलेलो नाही. पण पाऊस कोणी मुद्दाम पाडत नाही. भीती असते ती माणसांची. दारू पिऊन येणाऱ्या टोळक्याने झोपेत लाथ घालणे, अंगावर पाणी ओतणे, मोबाईलवर गंमत म्हणून त्याचे चित्रण करणे, उशाखालची पिशवी पळवणे. त्या पिशवीत असतात दोन कपडे, औषधाची पट्टी आणि आधार कार्ड. बाईमाणसाच्या बाबतीत यापुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहे, लिहीत नाही.

मुंबईने याचे भयंकर रूप पाहिले आहे. १९६८ मध्ये रामन राघव पकडला गेला तोवर उपनगरांत उघड्यावर आणि झोपड्यांत झोपणाऱ्या किती जणांचे त्याने बळी घेतले, याचा नक्की हिशेब लागला नाही. पुढे १९८५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सायन आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात एकट्याने झोपलेल्या माणसांच्या डोक्यात मोठा दगड घालून खून होत राहिले. वर्तमानपत्रांनी त्या खुन्याला ‘स्टोनमॅन’ म्हटले. मेलेल्यांपैकी अनेकांची ओळखच पटली नाही. हे सगळे खून एकाच हाताचे असावेत हे पोलिसांच्याही उशिरा लक्षात आले, कारण मेलेल्याची चौकशी करायला कोणी आलेच नव्हते. तो खुनी कधीच सापडला नाही.

मार खाल्लेला बेघर माणूस पोलीस ठाण्यात का जात नाही, असे पुष्कळ जण विचारतात. तो कसा जाईल? महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. भीक मागणे हा गुन्हा आहेच. त्यातली व्याख्या तर इतकी पसरट आहे की उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, तेवढ्यावर माणूस तिच्यात बसू शकतो. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात राहावे लागू शकते. हाच कायदा दिल्लीलाही लावलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा त्या न्यायालयानेही, हा गरिबीचा प्रश्न आहे, अशी उच्चभ्रू भूमिका आम्ही घेणार नाही, या अर्थाचे मत दिले. आपल्या राज्यात मात्र स्थिती जुनीच आहे. ज्याला स्वतःलाच धरून नेतील ही धास्ती आहे, तो दुसऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्याची पायरी चढत नाही. मारणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते.

आता एका दिवसाकडे वळू या. १ जुलै २०१८, रविवार.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तिथे उतरले. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारा. हे पाच जण मूळ सोलापूरकडचे, पिंपळनेरजवळ पाल ठोकून राहिलेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण मेले. त्यांच्याजवळ ओळखपत्रे होती, ते आपली ओळख सांगत होते, पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हते. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेप सुनावली.

त्याच दिवशी, रात्री, नाशिक जिल्ह्यातील मालेगावात जवळजवळ तसेच घडू लागले होते. परभणीकडून आलेले, मागून खाणारे एक कुटुंब, पाच माणसे, त्यांत दोन वर्षांचे एक मूल. मुले पळवणारे म्हणून लोकांनी त्यांना घेरले, मारहाण सुरू झाली. गर्दी हजाराच्या पुढे गेली. राईनपाड्याची बातमी तोवर सगळीकडे पसरली होती. पण इथे मोहल्ल्यातल्याच काही माणसांनी त्या कुटुंबाला गर्दीतून ओढून एका घरात घेतले आणि दार लावले. पोलीस आले, दारासमोर उभे राहिले. जमावाचा राग मग पोलिसांवर निघाला, त्यांच्या गाडीचे नुकसान झाले. पण पाचही जण, त्या लेकरासह, जिवंत बाहेर पडले. मालेगावचे नाव बातम्यांत बहुतेक वेळा कशासाठी येते ते आपल्याला माहीत आहे. ही बातमी मात्र दोन दिवसांत विरून गेली. घरात घेतलेले कुटुंब हिंदू होते आणि दार लावणारा मोहल्ला मुसलमानांचा होता, हे आम्ही इथे मुद्दाम लिहितो.

दोन्ही ठिकाणी अफवा सारखीच होती आणि गर्दीही सारखीच पिसाळलेली. फरक पडला तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. मालेगावात चार माणसे गर्दीच्या विरुद्ध दिशेला गेली. फार मोठे शौर्य त्यांनी केले असे नाही, एक दार उघडले आणि बंद केले. बेघर माणसाचा जीव वाचण्याचा प्रश्न बहुतेक वेळा याच दहा-पंधरा मिनिटांत सुटतो किंवा सुटत नाही. म्हणून हा लेख सरकारला उद्देशून कमी आणि आपल्या घरांना उद्देशून जास्त आहे.

आपला पालघर जिल्हाही यातून सुटलेला नाही. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून सुरतला एका अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक डहाणू तालुक्यातील गडचिंचले इथे अडवले गेले. चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरतात अशी अफवा त्या पट्ट्यात होती. दोनच दिवस आधी एका डॉक्टरच्या आणि पोलिसांच्या गाडीवरही त्याच भागात हल्ला झाला होता. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठेचून मारले गेले. आणि मग दुसरी अफवा सुटली, की हे मुसलमानांनी केले. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले, की यांत एकही मुस्लिम नाही. पहिल्या अफवेने तीन निरपराध माणसे मारली, दुसरी अफवा एका समाजाच्या अंगावर सोडली गेली. आपण दुसरीमुळे दुखावलो, ते साहजिक आहे. पण पहिली अफवा आपल्या घरातल्या मोबाईलवर येते तेव्हा आपण काय करतो?

खरे सांगायचे तर पुढे पाठवतो. ‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे’ असे वर लिहून पाठवतो. खालाजानच्या ग्रुपवर, मदरशाच्या पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींतली एक तर कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलून नेतात एवढाच भाग ठेवला होता. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांना सांभाळा असा फलक दाखवतात, तो भाग उडवला होता. २०१८ च्या त्या जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली. कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत आपल्या घरांत पाठ असते. एखादा बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. मोबाईलपेक्षा बेभरवशाचा खबरी आजवर झाला नसेल.

वसई-विरारमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बेघर माणूस मुसलमान असेल, किंवा तसा दिसत असेल, तर त्याच्यावरचा संशय दुप्पट होतो. बुरखा घालून मागणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असले की ‘मूल हिचे नाही’ असे पुटपुटणे सुरू होते, आणि ‘बुरख्यात पुरुष आहे’ हीसुद्धा नेहमीची अफवा आहे. बंगाली बोलणाऱ्याला तर थेट परदेशीच ठरवले जाते. २०२५ च्या जूनमध्ये शेजारच्या मीरा रोडहून धरलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलण्यात आले आणि ते भारतीयच आहेत हे दाखवून दिल्यावर परत आणावे लागले. त्या मजुरांना निदान गाव होते, गावाकडे कागद होते, त्यांच्यासाठी धावपळ करणारे नातेवाईक होते. पुलाखाली झोपणाऱ्याचा एकमेव कागद पिशवीबरोबर चोरीला गेलेला असतो. त्याची पिशवी पळवणारा पोरगा त्याचे पैसे नेतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो त्याचे नागरिकत्वच घेऊन जातो.

हे लिहीत असताना आम्हांला बुखारी शरीफमधली एक हकिकत वारंवार आठवत होती. हजरत आयशा (रजि.) यांनी ती सांगितली आहे. एका अरब टोळीकडे एक काळी गुलाम स्त्री होती. त्यांनी तिला मुक्त केले होते, तरी ती त्यांच्यातच राहत होती. एके दिवशी त्या घरातली एक मुलगी लाल चामड्याचा, जडवलेला पट्टा घालून बाहेर पडली. तो कुठेतरी पडला, किंवा तिने काढून ठेवला. घारीला तो लाल तुकडा मांसासारखा वाटला आणि तिने तो उचलून नेला. शोधाशोध झाली, पट्टा मिळेना, आणि आळ अर्थातच त्या स्त्रीवर आला. तिची झडती घेतली गेली. नुसती गाठोड्याची नव्हे, तिच्या अंगाची, लाज निघेल अशी झडती. ती तशीच त्यांच्यात उभी असताना घार पुन्हा वरून गेली आणि तो पट्टा सगळ्यांच्या मध्ये पडला. ती म्हणाली, ज्याचा आळ माझ्यावर घेतलात ते हे पाहा.

ती तिथून निघाली आणि मदिनेला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. तिला घर नव्हते. तिच्यासाठी मस्जिदीत एक लहानसा तंबू उभारला होता. मस्जिदीच्या बाहेर नव्हे, मस्जिदीत. ती हजरत आयशांकडे गप्पा मारायला यायची आणि प्रत्येक वेळी त्या पट्ट्याच्या दिवसाची आठवण काढायची. शेवटी हजरत आयशांनी तिला विचारले, तू बसलीस की दरवेळी हेच का बोलतेस, आणि मग तिने ही सगळी हकिकत सांगितली.

या हकिकतीतल्या दोन गोष्टींकडे आम्ही भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. एक म्हणजे, खोटा आळ दूर झाला तरी ती विसरली नव्हती. नालासोपाऱ्याच्या बाजारात ज्या बाईची पोरचोर म्हणून पिशवी उपसली जाते, तिलाही पोलिसांनी सोडून दिल्यावर ‘काही झाले नाही’ असे नसते. दुसरी गोष्ट, तिला तंबू मिळाला तेवढ्यावर ते थांबले नाही, तिचे तेच तेच बोलणे ऐकणारे एक घर तिला मिळाले. त्याच मस्जिदीच्या एका कडेला सावलीच्या ओट्यावर ज्यांना ना घर ना घरचे असे लोक राहत. त्यांनाच आपण असहाब-ए-सुफ्फा म्हणतो. कधी ते सत्तरच्या आसपास असत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. मदिनेतल्या लोकांना ही माणसे नावानिशी ठाऊक होती, आणि रात्री कोण कोणाला जेवायला घरी नेणार हे ठरत असे.

आपल्याकडे जुम्म्याला मशिदीच्या फाटकात बसणाऱ्यांना आपण सदका देतो, रमजानमध्ये तर भरभरून देतो. फित्रा, जकात, इफ्तारची पाकिटे, कशातच आपण मागे नाही. बेवारस मय्यत असली तर कफन-दफन करणाऱ्या कमिट्याही आपल्यात आहेत आणि त्या मोठे काम करतात. पण त्याच फाटकात वर्षानुवर्षे बसणाऱ्या बाईचे नाव किती ट्रस्टींना माहीत आहे? तिचे गाव कोणते, रात्री ती कुठे झोपते, तिच्यासोबतचे मूल कोणाचे? हे कोणाला माहीत असले तर गर्दी जमेल त्या दिवशी एक माणूस पुढे होऊन म्हणू शकतो, ‘ही अमुक आहे, आमच्या मशिदीपाशी बसते, पोर तिच्या लेकीचे आहे.’ त्या एका वाक्यात जीव वाचतो. राईनपाड्यात असे म्हणणारे कोणी नव्हते, कारण ते पाच जण तिथे कोणाच्याच ओळखीचे नव्हते.

तेव्हा सोपाऱ्यापासून पापडीपर्यंत आणि वालीव-पेल्हारच्या नव्या वस्त्यांतल्या मशिदींनाही आमचे सांगणे आहे की एक वही करावी. परिसरात उघड्यावर झोपणाऱ्यांची नावे, गाव, आजार, जवळच्या नात्यातल्या कोणाचा फोन नंबर असल्यास तो. त्यांच्या राजीखुशीने, चौकशीचा आव न आणता. आधार कार्डाची एक प्रत हवी असल्यास मशिदीच्या कपाटात ठेवून द्यावी, म्हणजे पिशवी गेली तरी कागद राहील. ही वही कोणालाही दाखवायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच टाकायची नाही. धर्म विचारायचा नाही. जकातीच्या आठ खर्चांत वाटसरूचा हिस्सा वेगळा सांगितलेला आहे. सोपारा हे तर अरब प्रवाशांच्या लेखनात नाव आलेले जुने बंदर, परक्या माणसाची या मातीला सवय आहे.

हे काम बायका जास्त चांगले करतात, असा आमचा समज आहे. त्याला आधारही आहे. १९८५ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या कुटुंबांची पहिली नीट गणती ‘स्पार्क’ या संस्थेने केली. त्या कामातूनच पुढे तिथल्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली, आणि त्यांत मुस्लिम बायका पुष्कळ होत्या. रोजचे एक-दोन रुपये जमवायचे, कोण कुठे राहते याची नोंद ठेवायची, पोलीस किंवा पालिकेची गाडी आली तर सगळ्यांनी मिळून बोलायचे. गणती होण्याआधी त्या सरकारच्या लेखी नव्हत्याच.

त्या काळाचा उल्लेख आला म्हणून एक कडू गोष्टही सांगून टाकतो. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, फुटपाथवासीयांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय झाला तो बॅ. अ. र. अंतुले यांच्या सरकारचा. महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आपल्या कोकणचे, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाही. पण हेही त्यांच्याच खात्यावर आहे. त्यातूनच ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर येईपर्यंत हटवू नका एवढेच बजावले.

समजा, वही असूनही, नसूनही, हल्ला झालाच. तेव्हा काय करावे? आधी त्या माणसाला दाराच्या आत घ्यावे. दुकान, मशीद, दवाखाना, काहीही चालेल. त्याची उलटतपासणी तिथे करू नये, ते पोलिसांचे काम आहे. ११२ वर फोन करावा आणि एकाने नव्हे, चार-पाच जणांनी वेगवेगळ्या फोनवरून करावा. जखमी असेल तर १०८. रस्त्यावर त्याचे चित्रीकरण करून पुढे पाठवणे म्हणजे गर्दीला आमंत्रण देणे. घटना फलाटावर किंवा पुलावर घडली असेल तर १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे. इथे एक नेहमीची अडचण येते. पूल लोहमार्ग पोलिसांचा आणि पायरीखालचा रस्ता शहर पोलिसांचा, त्यामुळे ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. हा शब्द उच्चारला तरी पुष्कळदा वही उघडते. शक्य तर बरोबर कोणी वकील असावा. वसई न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मागता येतो, तिचा राष्ट्रीय क्रमांक १५१०० आहे.

शिक्षेचा कायदाही आता कडक झाला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा किंवा अशाच अन्य कारणावरून खून केला तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. ‘बेघर’ हा शब्द त्यात नाही. ‘अशाच अन्य कारणावरून’ यात बेघरपण बसते की नाही, हे न्यायालयांपुढे पुढे येईलच, आमच्या मते बसायला हवे. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्यास सांगितले. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. आपल्या भागासाठी हा अधिकारी कोण, त्याचा फोन कोणता, हे ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत विचारता येते. ईद आणि गणपतीच्या आधी या बैठका होतातच, आपले लोक तिथे चहा पिऊन येतात. या वेळी हा प्रश्न विचारून यावा.

स्वतःशी बोलत फिरणाऱ्या माणसांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त मार तीच खातात. मुले दगड मारतात आणि आपण ‘पागल आहे’ म्हणून पुढे जातो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे असा माणूस भटकताना आढळला आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे दिसले, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणेप्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. बरा होतो का असा माणूस? डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ पासून ‘श्रद्धा’ संस्थेमार्फत रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या त्यांच्या घरी पोहोचवले आहे. कर्जतला त्यांचे केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारानंतर माणूस नाव-गाव सांगू लागतो आणि कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी आईच्या दारात जाऊन उभा राहतो. ज्याला पोरे दगड मारत होती तो कोणाचा तरी हरवलेला मुलगा होता, हे तेव्हा कळते.

राहिला प्रश्न निवाऱ्याचा. रात्री आत झोपलेल्या माणसावर दगड पडत नाही, इतकी ती साधी बाब आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २,१०,९०८ बेघर मोजले गेले, आणि ज्यांचा पत्ताच नाही त्यांची मोजणी नेहमी कमीच भरते. त्याच जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० मध्ये शहरांना चोवीस तास उघडे निवारे उभारण्यास सांगितले आणि २०१३ च्या शहरी बेघर निवारा योजनेने निकष ठरवला, लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्त्रियांसाठी वेगळी सोय. जुन्या जनगणनेच्या हिशेबानेही आपल्या शहराला बारा निवारे लागतात, म्हणजे बाराशे माणसांची जागा. गेल्या पंधरा वर्षांत शहर किती फुगले ते विरार लोकलमध्ये चढणाऱ्या कोणालाही विचारावे.

महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत. आपल्या प्रभागातला निवारा कुठे आहे, तो रात्री उघडा असतो का, त्यात बायकांची खोली आहे का, एवढे तीन प्रश्न लेखी विचारायला एक पानाचा अर्ज पुरतो. पोच घ्यायला विसरू नये. अर्ज मे महिन्यात द्यावा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पुलाखाली पाणी साचू लागते आणि तिथली माणसे दुकानांच्या पायऱ्यांकडे सरकतात, तेव्हाच दुकानदारांशी भांडणे सुरू होतात.